परबांच्या ग्रिलवरचा नाग

विद्याधर परबांच्या ग्रिलमधलं पडवळ त्या दिवशी उतरवायचं ठरलं होतं. कित्येक वर्षांच्या सेंद्रिय शेतीतलं हे पहिलंच पीक. आधीचे टोमॅटो कबुतरांनी नेले, मिरच्यांवर मावा पडला, आणि पालक उगवला तो इतका बेताचा की सुगंधावहिनींनी तो कोथिंबिरीसारखा आमटीवर भुरभुरला. त्यामुळे पडवळ जसजसं लांबत गेलं, तसतशी परबांची मान ताठ होत गेली. ऑफिसात त्याचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. सोसायटीत मात्र त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

कारण जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून परब ते स्वतः मुरवायचे, आणि उन्हाळ्यात त्यातलं थोडं गळून खाली दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनच्या पापडांवर पडलं होतं. कमिटीने बजावलं, "आणखी एक तक्रार आली की सगळ्या कुंड्या खाली." तेव्हा परबांनी "तुळस सोडून काही ठेवत नाही" अशी हमी देऊन वेळ मारून नेली आणि तुळशीच्या आडून पडवळाचा वेल चढवला.

पडवळ वाकडं वाढायला लागलं, तशी त्यांनी गावाकडची युक्ती केली. टोकाला सुतळीने दगड बांधला. पडवळ सरळ झालं खरं, पण त्या ओढीने ते गजांतून बाहेर सुटलं आणि थेट हंसाबेनच्या स्वयंपाकघरासमोर लोंबायला लागलं. सकाळी परब सुरी घेऊन ग्रिलकडे निघाले, तोच खालून किंकाळी आली.

"साप! मोटो साप! अरे कोई आवो रे!"

हंसाबेनच्या खिडकीची काच धुरकट होती. त्यांना दिसलं ते काचेपलीकडे डोलणारं काहीतरी लांब, हिरवं, पांढऱ्या पट्ट्यांचं. परब सुरी टाकून खाली धावले. तोवर निम्मी सोसायटी आवारात येऊन वर बघत उभी होती. पार्कचं जंगल जवळच असल्यामुळे साप आला यात कोणालाच नवल वाटलं नाही.

"तोंडात काय धरलंय त्याने?" कोणीतरी विचारलं.

"बेडूक!" सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणाले. "अर्धा गिळलाय बघ. अजून पाय हलतायत."

सुतळीची टोकं वाऱ्यावर हलत होती. परबांपुढे पेच पडला. खरं बोलावं तर बाग जाते, गप्प बसावं तर पडवळ जातं. त्यांनी मधला मार्ग काढायचा ठरवला.

"अहो, काही करत नाही तो. बिनविषारी आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"गावी आमच्या मांडवाला असे कितीतरी लटकलेले असतात. आम्ही तर चण्याची डाळ घालून…"

सगळ्या माना गर्रकन वळल्या.

"खाता?" श्यामसुंदरांचा आवाज चिरकला.

"नाही, नाही! त्यांना डाळ घालतो. खायला."

"साप डाळ खातो?"

"कोकणातला खातो," परब म्हणाले.

एवढ्यात श्रावण चालू असल्याची कोणीतरी आठवण करून दिली आणि हंसाबेनची भीती एकदम भक्तीत वळली. दुधाची वाटी आली, फुलं आली, खालूनच उदबत्ती ओवाळून झाली. नाग दूध पिईना म्हणून त्याने बेडूक सोडेपर्यंत थांबायचं ठरलं. पण श्यामसुंदरांनी सर्पमित्राला आधीच फोन केला होता.

यज्ञेश नावाचा तो तरुण काठी आणि पिशवी घेऊन हंसाबेनच्या स्वयंपाकघरात शिरला. "मदतीला येतो," म्हणत परब त्याच्या मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं. यज्ञेशने खिडकी सरकवली, काठी पुढे केली आणि जागच्या जागी थिजला.

"काका, हे तर…"

"पडवळ. माझं आहे," परब कुजबुजले.

"मग खाली सांगा ना!"

"सांगितलं तर बाग जाईल रे माझी."

"आणि मी सांगितलं तर माझी इज्जत! मागच्याच आठवड्यात एका बंगल्यात पाण्याचा पाइप पकडला मी. मित्र अजून हसतायत." त्याने खाली पाहिलं. सगळ्यांचे मोबाइल वर रोखलेले होते. "सॉरी काका. चान्सच नाही."

त्याने देठ कापला, तोंडाने दोनदा 'फुस्स' केलं आणि पडवळ दगडासकट पिशवीत सरकवलं. खाली टाळ्या पडल्या. लोक त्याला बाइकपर्यंत पोचवायला गेले, त्यामुळे पिशवी परत मागायला परबांना सवडच मिळाली नाही. सुगंधावहिनींना त्यांनी घरी येऊन सांगितलं, तर त्या हसता हसता मटकन खाली बसल्या. परबांना मात्र खरोखर रडू येत होतं.

संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक भरली. हंसाबेननी मुद्दा मांडला. "जोडी असते त्यांची. आता नागण येणार ना त्याला शोधायला!"

साप बघताना परबांच्या ग्रिलवरचा वेलही सगळ्यांना दिसला होता. "आली तर वेलावर बसेल," श्यामसुंदर विचार करत म्हणाले. "वेल नसला तर घरात शिरेल." त्यांनी परबांकडे वळून हात जोडले. "परब, तुम्ही तो वेल काढलात तर याद राखा! आणखी लावा. पण हात कोणी लावायचा नाही. तुम्हीपण नाही. काही दिसलं की यज्ञेशला बोलवायचं."

परब जिना चढत होते तेव्हा यज्ञेशचा फोन आला. "काका, रागावू नका. पिशवी घरी ठेवली, तर आईने परस्पर भाजी करून टाकली."

"कोवळं होतं?" न राहवून परबांनी विचारलं.

"लोण्यासारखं! आई म्हणते, बाजारात असं मिळत नाही."

परबांचा राग विरघळला.

त्यानंतर वेल असा काही फोफावला की विचारू नका. जीवामृतासाठी गूळ आता हंसाबेन स्वतः आणून देतात. नागीण आली, मग पिल्लंही एकामागून एक येत राहिली. दर वेळी दूध आलं, टाळ्या पडल्या, आणि यज्ञेश पिशवी भरून घेऊन गेला. दगड परत आणून द्यायला मात्र तो विसरत नाही.

काल ग्रिलमध्ये उभं राहून परब नवीन फुलं बघत होते. सुगंधावहिनी मागून आल्या.

"अहो, त्या पोराला फोन करा ना."

"आत्ता? आत्ता कुठे धरलंय. पकडायला वेळ आहे अजून."

"पकडायला नाही हो. त्याच्या आईला विचारा, आपल्याला वाटीभर भाजी पाठवेल का म्हणून."