पातळ की घट्ट?

"दारावर 'या सगळे' अशी पाटी लावलीस, तर एखादं कुत्रंही आत येऊन बसेल," असं आजोबांनी तिला बजावलं होतं. आजोबा म्हणजे तिच्या ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. वय बेचाळीस, पण कंपनीत पहिला कॉम्प्युटर आणि आपण एकाच टेम्पोतून आलो असं ते सांगायचे, म्हणून आजोबा.

कंपनी भिंतींचे रंग बनवायची. नऊशे रंगाऱ्यांना मेसेज पाठवणारा, त्यांच्या ऑर्डरी घेणारा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. त्यातल्या एका फोल्डरात एक्केचाळीस फाइली होत्या आणि प्रत्येकीला एकेक काम नेमून दिलेलं. सर्व्हर सुरू होताना यादीतल्या एकेका फाइलीला नाव घेऊन बोलवायचा. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर तिने ती यादी पुसली आणि एकच ओळ लिहिली: फोल्डरात जे जे सापडेल ते ते उचल आणि कामाला लाव.

"एकेकाला नावाने हाक मार गं बाई," आजोबा कळवळून म्हणाले होते.

"आजोबा, एक्केचाळीस नावं? मला सध्या स्वतःचं नाव आठवायला दोन मिनिटं लागतात."

घरी सात महिन्यांचं बाळ सासूबाई सांभाळत होत्या आणि ही दर अर्ध्या तासाने फोन करत होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या फोनने ते जागं होतं. काय ते लिहून विचार." शिकल्यासवरल्या मुलीला एवढं पुरे. तिने आपल्या लॅपटॉपवर, त्याच फोल्डरच्या नकलेत, एक छोटीशी फाइल लिहिली. दर तीन तासांनी ती फोन नंबरांच्या यादीतल्या सगळ्यांना विचारायची: 'झाली का? रंग कसा? पातळ की घट्ट? वास?' उत्तर थेट तिच्या मोबाइलवर. तिच्या लॅपटॉपवरच्या यादीत एकच नंबर होता, सासूबाईंचा; त्यामुळे उत्तर कुणाचं आलं हे दाखवायची सोय करण्यात तिने वेळ घालवला नाही.

सोमवारी तिने घरून ऑर्डरीच्या फाइलीत काहीतरी दुरुस्त केलं आणि लॅपटॉपवरचा अख्खा फोल्डर उचलून ऑफिसच्या सर्व्हरवर चढवला. बाळाच्या प्रश्नांची बेचाळिसावी फाइलही लॅपटॉप सोडून, न बोलावता आत गेली. मंगळवारी अकरा वाजता सर्व्हर सुरू झाला. त्याने दिसेल ते उचललं. आणि सर्व्हरवरच्या नंबरांच्या यादीत नऊशे रंगारी होते, सासूबाई नव्हत्या.

पहिलं उत्तर आलं: 'झाली. पिवळा. घट्ट आहे.' तिचा जीव भांड्यात पडला. मिनिटभरात दुसरं आलं: 'हिरवा. फारच पातळ.' जीव भांड्यातून बाहेर पडला.

'तळाशी गोळे. काठीने ढवळून बघितलं.'

"काठीने?" ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा बंद केला.

'वासाने डोकं उठलंय.' 'शेजारीही बोंबलताहेत.' आणि पाठोपाठ, 'अर्धी भिंत झाली. उरलेली संध्याकाळपर्यंत होईल.'

तिने सासूबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. नवऱ्याला लावला.

"अरे, बाळाचं पोट बिघडलंय! आईंनी लिहिलंय, अर्धी भिंत झालीय!"

"भिंत? अगं, ते अजून नीट बसतसुद्धा नाही!"

"म्हणूनच म्हणतेय ना! घरी जा, दोघांना घेऊन दवाखान्यात ये."

मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून आलेली उत्तरं जशीच्या तशी वाचून दाखवली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरंच काही ऐकलं होतं, पण 'दोन हात मारले तरी खालचं दिसतंय' हे नवीन होतं. "ताबडतोब घेऊन या," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात सासूबाई आधीच बसल्या होत्या, केसांना तेल तसंच. मुलाने त्यांना अंगणातून उचलून थेट गाडीत घातलं होतं. बाळ त्यांच्या मांडीवर बसून चष्म्याची काडी चोखत होतं.

"केव्हापासून होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "कालपासून झालीच नाहीये. तेच मी हिला सांगणार होते, तर आज मेलं हिने विचारलंच नाही."

"मग भिंतीवर काय आहे?"

"कॅलेंडर."

तिचा मोबाइल वाजला. डॉक्टरीणबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि वाचला: 'दोन डबे उरलेत. परत घेता का बदलून देता?'

"तुमच्या सासूबाई कसले डबे परत करताहेत?"

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की ती सात महिन्यांच्या बाळाएवढी झाली. तेवढ्यात आजोबांचा फोन आला. "बाई, कुत्रं आत आलंय. मालक तुला बोलावताहेत."

ऑफिसला जाताना तिने रिक्षात राजीनामा तोंडपाठ केला. ही नोकरी तिला हवी होती. पाच वाजता घरी सोडणारी दुसरी कुठे मिळणार? मालकांच्या टेबलावर, सर्व्हरवर साठलेली उत्तरं छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

"हे प्रश्न कुणी लिहिले?"

"मी. पण सर, ते खरं तर माझ्या..."

"वीस वर्षं आपण रंगाऱ्यांना विचारतोय, 'आपण आमच्या उत्पादनाबाबत समाधानी आहात काय?' नऊशेतून चार जण उत्तर देतात, त्यातले दोन माझे मेहुणे. आज दुपारपर्यंत सहाशे उत्तरं! हिरव्याची अख्खी खेप पातळ निघालीय, हे मला आत्ता कळतंय. चार शब्दांत विचारलंत हो! कुठे शिकलात?"

"घरीच," ती म्हणाली. राजीनामा तिने आवंढ्याबरोबर गिळला.

"रोज जाऊ दे हा मेसेज. दर तीन तासांनी."

"सर, तीन तास हे बाळाच्या... म्हणजे, माणूस वैतागेल."

"वैतागतोय कसला! त्याला आयुष्यात कुणी विचारलंय का?"

आजोबा दाराबाहेर उभे होते. ते खाकरले. तिने त्याच दिवशी यादी पुन्हा लिहिली, एकेकीला नाव घेऊन. बेचाळीस नावं. बाळाची झाल्याचं सासूबाईंनी चार वाजता फोन करून कळवलं, रंगासकट, आणि तिने ते उभ्याने ऐकलं.

तर वाचकहो, तुमच्या घरी सध्या रंगकाम चालू असेल आणि त्या मेसेजची दोनची वेळ नुकतीच झाली असेल, तर हे हातातलं खाली ठेवा आणि आतल्या खोलीत एक चक्कर मारून या. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर एक माणूस एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून 'घट्ट'मधलं जोडाक्षर शोधत असेल. खाली शिडी कुणी धरलीय का, तेवढं बघा.