काहीही न घडलेले घर

झकेरियाभाई जुम्म्याची नमाज पढून परत आले, तेव्हा त्यांच्या घराला इतिहास लागलेला होता. पांढरा संगमरवर, काळी अक्षरं, चार पितळी स्क्रू.

येथे सन १९३१ मध्ये
मिठागर कामगारांची पहिली सभा भरली.
— वारसा समिती, पनवेल

"हे कोणी लावलं?"

"दयाराम सर आलेले दोन माणसं घेऊन," त्यांची बायको फहमिदा जिन्यावरून म्हणाली. "चहा पण पिऊन गेले. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

जिन्यावरून, कारण तिचा निम्मा दिवस जिन्यावरच जाई. स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली वर, मधे सतरा उभ्या पायऱ्या आणि तिचे दोन गुडघे. सहाव्या पायरीवर बसून ती तांदूळ निवडायची, अकराव्या पायरीवर बसून फोन करायची. या गुडघ्यांसाठीच झकेरियाभाईंनी घर विकायला काढलं होतं. सोमवारी केतन बिल्डरसमोर सह्या, की खारघरला नवव्या मजल्यावर फ्लॅट. दोन लिफ्ट! त्या लिफ्टबद्दल फहमिदा नातवंडांबद्दल बोलावं तशी बोलायची.

संध्याकाळी माप घ्यायला आलेला केतन दारातच थबकला.

"चाचा, हे काय?"

"चुकून लागलंय रे."

"चुकून रिचार्ज होतो चाचा, संगमरवर नाय लागत. ह्या घराला हातोडा लावला तर उद्या पेपरात माझा फोटो. आधी इतिहास काढा, मग सही."

दयाराम सर निवृत्त शिक्षक. समितीचे चिटणीस तेच, अध्यक्षही तेच. बाकीचे सभासद बटाटेवड्यापुरते. झकेरियाभाई तक्रार घेऊन गेले, तर त्यांनी एक जुना फोटो पुढे केला. पन्नासेक माणसं, मागे कोरीव दार, दारावर दोन पोपट, एकाची चोच तुटलेली.

"हे दार तुमचंच ना, झकेरियाभाई?"

"दार माझं. सभा तुळशीरामाची."

आता यात गोम अशी, की जुनं घर पाडताना पहिल्यांदा सागवान विकायचं, हा पनवेलचा रिवाज. एकोणनव्वद साली समोरच्या तुळशीरामाने घर पाडून चार मजले चढवले. झकेरियाभाई तेव्हा नुकतेच कुवेतहून कायमचे परतले होते, खिसा गरम होता, त्यांनी दार घेतलं. सभा गल्लीपलीकडे राहिली, दार अलीकडे आलं, आणि सर दाराच्या मागून आले.

"मग काढा फलक."

"काढता येत नाही. नियम आठ. लावलेला फलक काढायचा नाही, खाली शुद्धिपत्र लावायचं. नाहीतर कोणीही उठून इतिहास उपटत बसेल."

"नियम कोणी केला?"

"मीच," सर नम्रपणे म्हणाले.

शुद्धिपत्र
वरील सभा समोरच्या घरात भरली.
येथे फक्त दार आले.

"म्हणजे आता दार पण ऐतिहासिक?" केतनने कपाळाला हात लावला.

झकेरियाभाई तुळशीरामाकडे गेले. दार फुकट घे म्हणाले.

"वा रे वा! दार घेतला का त्याच्यामागं तो दगड पण येल," तुळशीराम म्हणाला. "मना गच्चीवर मोबाईलचा टॉवर लावाचा हाय. विकलेला माल आमी परत घेत नाय."

सोमवार गेला. केतनचा वकील म्हणाला, घरात काही घडलेलं नाही असं समितीकडून लेखी आणा. सर चौकशीला आले. वही उघडली.

"कोणी पुढारी इथे जेवून गेला?"

"नाही."

"एखादा कवी? निदान आजारी पडून?"

"नाही."

"दंगल? चोरी?"

"एकदा कोंबडी गेली होती."

"मग?"

"सापडली."

सरांचा चेहरा उतरला. "तशीही नियम तीनमध्ये बसली नसती. घटना पन्नास वर्षांपूर्वीची लागते."

लेखी हवं होतं, आणि समिती लिहायची ती संगमरवरावरच.

शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र
या घरात कधीही काहीही घडलेले नाही.

"आता कसं साफ झालं!" केतन दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे आणि कागद घेऊनच आला. बाहेर कॉलेजच्या चार मुली त्या तिसऱ्या फलकाशेजारी उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि खिदळत होत्या. एवढं हसण्यासारखं काय आहे ते बघायला फहमिदा सतरा पायऱ्या उतरली. फलक लागल्यापासून ती उंबऱ्याबाहेर आलीच नव्हती. तिने चष्मा लावला, तिन्ही फलक वाचले. तिसरा दोनदा वाचला.

"काहीही घडलेलं नाही?"

"कागदापुरतं गं ते," झकेरियाभाई म्हणाले.

"कागद कुठाय? दगड आहे हा. शहात्तर साली निकाह करून मी या घरात आले. तीन मुलं इथेच झाली. तुमची अम्मी माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. तुम्ही कुवेतला होतात, बारा वर्षं मी एकटीने पाण्याच्या कळशा वर चढवल्या. कोणी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

झकेरियाभाईंनी खाली पाहिलं. त्यांना कोंबडी आठवली होती.

"चाची, सही..." केतनने पेन पुढे केलं.

"आधी हे दुरुस्त करा. मग सही."

दयाराम सरांना बोलावणं गेलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, वही काढली, बोटांवर हिशेब केला.

"भाभी, शहात्तरचा निकाह. आत्ता दोन हजार तेरा. नियम तीनप्रमाणे अजून तेरा वर्षं थांबावं लागेल."

"थांबते."

"आणि लिफ्ट?" झकेरियाभाईंनी हळूच विचारलं.

"लाईट गेली की लिफ्टही मधेच बसते, माझ्यासारखी. माझी खाट खाली आणा."

केतनने स्वतःच एक पेढा खाल्ला. मग त्याने आणि झकेरियाभाईंनी मिळून खाट उतरवायला घेतली. ती बाराव्या पायरीवर अडकली, तेव्हा बाहेर सर खिशातली पेन्सिल काढून तिसऱ्या फलकाखाली, जागा राखून ठेवायला, भिंतीवर एक चौकट आखत होते.

फहमिदाने ती लांबून बघितली.

"मोठी करा सर. मजकूर बराच आहे."