आत किती, बाहेर किती

पुण्याच्या एका सल्लागार ऑफिसनं मला फसवलं. सहा आठवडे झुलवलं, रंगीत चित्रांचा जाडजूड रिपोर्ट हातात ठेवला आणि त्यातला करंटचा आकडाच चुकीचा दिला. हे आधीच सांगून टाकते. सोपानभाऊंविषयी लिहायला बसलं की माझा राग मऊ पडतो आणि मुद्दा राहून जातो.

सोपानभाऊ म्हणजे बोरी बुद्रुकला आमच्या माहेरच्या घराशेजारचे. हा गृहस्थ माणसं मोजतो. भाचीच्या साखरपुड्याला ते कार्यालयाच्या दारात उभे होते. मला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत करताहेत. जेवणं उरकली, खुर्च्या गोळा झाल्या, तरी भाऊ दारातून हलेनात.

"एक माणूस कमी हाय, ताई."

"आता घरी गेले की सगळे!"

"न्हाई. आत गेलं ते भायेर आलं पायजे."

मी डाफरले. तरी शोधाशोध केली, तर नवऱ्या मुलाचे मामा भांड्यांच्या खोलीत भाताच्या रिकाम्या पातेल्याला टेकून घोरत होते. त्यांना विसरून त्यांची जीप कधीच निघून गेली होती.

चहाच्या टपरीवरही तेच. "दूध-पाणी किती टाकलं? कप किती निघालं?" टपरीवाला म्हणे, "राव, थोडं आटतं की." भाऊ शांतपणे विचारत, "वाफ धरली का?" त्या टपरीवाल्यानं शेवटी भाऊंना चहा फुकट द्यायला सुरुवात केली, फक्त प्रश्न विचारू नयेत म्हणून.

भाऊंचे वडील कालव्यावर पाटकरी होते, गावागावाला पाणी सोडायचे. भाऊ इंजिनिअर झाले, पुण्यात कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर हिशेब मांडायचे, आणि एक दिवस सगळं सोडून बोरीला परत आले. गावानं ठरवलं, डोक्यावर परिणाम झाला. मीही तेच धरून चालले होते.

आता माझं सांगते. मोटार रिवायंडिंगच्या टपरीपासून सुरुवात करून मी मंचरला इलेक्ट्रिक पॅनेलचा कारखाना उभा केला. तांब्याच्या भावात मी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. यंदा एका दूध शीतकरण केंद्राचं पॅनेल केलं. एका जाड तांब्याच्या पट्टीतून करंट येतो आणि काटकोनात वळून तीन पट्ट्यांत वाटला जातो, अशी रचना. केंद्राचा मॅनेजर भित्रा. म्हणाला, "रिपोर्टशिवाय स्विच दाबणार नाही." मग पुण्याच्या त्या ऑफिसला काम दिलं. रिपोर्ट आला: मधल्या पट्टीवर झेपणार नाही इतका करंट, सगळं तांबं बदला. म्हणजे भिंतीत बसवलेलं पॅनेल उखडायचं, केंद्र बंद ठेवायचं आणि पंचक्रोशीत माझं नाव घालवायचं. मी फोनवर भांडले. तिकडून एकच उत्तर, "मॅडम, सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही."

त्या ऑफिसला शिव्या घालायला मी माहेरी गेले. सख्ख्या भावापाशी तोंड मोकळं करत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून सोपानभाऊंचा आवाज आला, "रिपोर्ट दावा."

भाऊंनी चित्रांकडे पाहिलंही नाही. थेट कोष्टक काढलं, पेन्सिलीनं बेरीज केली आणि मान वर केली.

"एका वाटंनं आत गेला त्याच्यापरीस तीन वाटांनी भायेर जास्त आला. मधी काय इहीर हाय का तांब्यात?"

शेवटच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'किरकोळ फरक दुर्लक्षित.' म्हणजे त्यांना माहीत होतं! मी ताडकन उठले. भाऊंनी हातानंच बसवलं आणि समजावलं.

"ह्ये बघा. कॉम्प्युटर पट्टीचं बारीक बारीक तुकडं करतो. हरेक तुकड्याचं व्होल्टेज काढतो. व्होल्टेज म्हंजी जमिनीची उंची समजा. ती बरुबर येती. पर करंट निघतो उतारावनं. आन उंची बरुबर असली तरी उतार ठोकळमानानंच कळतो. त्यात ह्यांनी मोजलं कुठं? मोडावर, पट्टी वळती तितं! आतल्या कोपऱ्यात उतार कडा असल्यागत."

"मग तुकडे अजून बारीक करायचे."

"करा की. कोपऱ्यातला आकडा दर येळंला नवा येतोय. आमचा बा मोडावर कधी पाणी मोजत नव्हता."

"मग कुठं मोजायचं?"

"एका जागी मोजायचंच न्हाई. अख्ख्या पट्टीचा मिळून हिशेब धरायचा, हरेक तुकड्याचा थोडा थोडा वाटा. एकाची चूक दुसरा सांभाळतो."

भाऊंनी घरच्या कॉम्प्युटरवर तसा हिशेब लावला; त्याचा पंखा गिरणीसारखा वाजत होता. दोन दिवस मी तिथंच बसून राहिले, कारण माझा कोणावर विश्वास नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. आत आणि बाहेर अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखे. मधली पट्टी मर्यादेच्या आत, चांगली आरामात.

मॅनेजरला मी कसं पटवलं ते विचारू नका. एकेक कॉम्प्रेसर चालू करायचा, या अटीवर तो तयार झाला. पट्टीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर असतो, त्यावर करंट दिसतो. पहिला कॉम्प्रेसर, दुसरा, तिसरा. मग शेवटचाही चालू झाला. मधल्या पट्टीवर मीटर लावला. भाऊंचा आकडा! जेमतेम केसाचा फरक. मी तिथंच उलट्या क्रेटवर बसले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मॅनेजरनं स्वतः पहिला दुधाचा कॅन आत घेतला. माझ्याबरोबर आलेले भाऊ मात्र आत येणारी एक आणि बाजूच्या दोन, अशा उरलेल्या तिन्ही पट्ट्या मोजून होईपर्यंत हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेले आणि म्हणाले, "भाऊ, आता त्या ऑफिसात जाऊन रिपोर्ट करणाऱ्याला धुते बघा."

"तिला बोलू नका," ते घाईनं म्हणाले. "नवी पोरगी हाय. तिला शिकवलं तसं ती करती."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी एक फाईल पुढं सरकवली. त्याच ऑफिसला लिहिलेल्या सात पत्रांच्या प्रती. रिपोर्टवर सही करणारी ती पोरगी आज बसते ती खुर्ची एकेकाळी भाऊंची होती. जुळत नसलेल्या आकड्यांखाली सही करायला नकार दिला म्हणून भाऊंची ती खुर्ची गेली. पत्रांत तक्रार कुठंच नव्हती. 'मला पैसे नकोत, नाव नको. ही पद्धत एकदा चालवून पाहावी आणि बरोबर आहे की नाही एवढंच कळवावं.' सातव्या पत्रात तर 'सवड मिळेल तेव्हा' असंही होतं. उत्तर एकाचंही नाही.

"ताई," त्यांनी पेढा हातातच धरून विचारलं, "बरुबर हाय न्हवं ते?"

दहावी शिकलेल्या बाईला विचारत होते. दुसरं विचारायला कोणी नव्हतंच.

"बरोबर आहे, भाऊ," मी म्हणाले. ते मान हलवत राहिले. मग पाठ फिरवून बराच वेळ खिडकीची कडी लावत बसले.

माझं तांबं वाचलं, माझं मी बघून घेईन. पण त्या ऑफिसच्या साहेबांना मी इथं चारचौघांत विचारते: सात पत्रं तुमच्याकडं आली, ती गेली कुठं? लेखी उत्तर पाहिजे, सहीनिशी. मला नको. सोपानभाऊंच्या नावानं, बोरी बुद्रुकला पाठवा.