बाईंच्या तोंडातलं जहाज

कवळीवाल्यांनी आठ महिने खपून व्हायकिंग दर्यावर्दींची मोहीम आखली होती. खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, आणि कोण तरलं, कोण बुडालं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. एकशे चाळीस पानं लिहून तयार होती. जेवणाचं टेबल झाकेल एवढा नकाशा होता. आणि जहाज तर विचारूच नका.

कवळीवाले दिवसभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवत, म्हणून जहाजही गुलाबी ॲक्रिलिकचंच होतं. तळासाठी हाताला लागला तो कुणा पेशंटचा साचा घेतला, कडेला ढाली म्हणून उरलेसुरले दात ओळीने बसवले आणि मधोमध कागदी शीड लावलेली काडीची डोलकाठी उभी केली. आणि एवढं जपून ठेवलं कशात, तर कवळ्या पाठवायच्या पांढऱ्या डबीत! आता काय म्हणावं या माणसाला?

शनिवारी संध्याकाळी बायको आणि सुतारकाम करणारा मेहुणा टेबलाशी येऊन बसले. कवळीवाल्यांनी आवाज खोल केला.

"समुद्रावर दाट धुकं. आणि त्या धुक्यातून हळूहळू पुढे येतंय..." नजर दोघांच्या चेहऱ्यावर रोखून त्यांनी डबी नकाशावर उपडी केली आणि झाकण लावून बाजूला ठेवली.

"अगंबाई!" बायको खुर्चीसकट मागे सरकली.

समुद्रात एक कोरी करकरीत कवळी पडली होती. कवळीवाल्यांनी ती लगेच ओळखली. ही तर मुख्याध्यापिका बाईंची! मग सकाळी दवाखान्यात पाठवली ती डबी... पण गोष्ट सांगणाऱ्याने चूक कधीही कबूल करायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच पहिल्या पानावर लिहिला होता.

"समुद्रराक्षस," ते म्हणाले.

"अहो, ही कवळी आहे."

"कवळीच. बिघडलेली, टाकाऊ. राक्षसाचा जबडा म्हणून आणली. कसे घाबरलात!"

"मी नाही घाबरत," मेहुणा फासा खुळखुळवत म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. कवळीवाले तो घेऊन दाराबाहेर गेले.

"शुद्धीवर आहात का तुम्ही?" डॉक्टर ओरडत होते. "बाईंनी चष्मा काढून ठेवला होता, घातली ना तोंडात! काठी टोचली जिभेला! कवळीला शीड असतं का हो?"

"डॉक्टर, ते जहाज आहे..."

"जहाज? अहो, सात वाजता निरोप समारंभ आहे बाईंचा! भाषण आहे! अर्ध्या तासात खरी कवळी आणा, नाहीतर सोमवारपासून माझं सगळं काम दुसऱ्याकडे."

डॉक्टरांचं सगळं काम म्हणजे कवळीवाल्यांचंही सगळंच काम. दुसरा डॉक्टर त्यांच्याकडे नव्हता. ते आत धावले, डबी उचलली, "आलोच, तोवर तुम्ही खेळा," म्हणाले आणि चपला उलटसुलट घालून सुटले.

दवाखान्यात बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा, तळहातावर जहाज. "या," त्या म्हणाल्या, आणि कवळीवाल्यांचे पाय आपोआप जुळले. त्यांनी डबी डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी उघडली. आत नुसता कापूस.

कवळीवाल्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"अरे, टेबलावरची ती कवळी घेऊन पळत ये!"

"कुठली? राक्षस?" मेहुण्याचा आवाज खोलीभर घुमला. "दाजी, मेला तो! पहिल्याच फेकीत वीस! मग म्हटलं, नुसतं तोंडाने काय मारायचं? पिशवीत हातोडी होतीच."

"हातोडी?"

"समोरचे चार पाडले! तुम्हीच म्हणालात ना, टाकाऊ."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. कवळीवाल्यांना वाटलं, संपलं, आता दुकानाला कुलूप. बाई मात्र उठल्या.

"मला या वीराला भेटायचंय."

"पण बाई, भाषण?"

"बत्तीस वर्षं बोललेय मी त्या शाळेत. सुटले बिचारे! आणि डॉक्टर, काम यांच्याकडेच राहू द्या. काठी सोडली तर जहाज हिरड्यांवर अगदी चपखल बसलं होतं."

घरी मेहुणा हातोडी खांद्यावर टाकून ऐटीत बसला होता. दारात बाई दिसल्या आणि हातोडी त्याच्याच पायावर पडली.

"पाचवी, शेवटचा बाक," बाई म्हणाल्या. "तेव्हाही मोडतोडच करायचास." मग त्यांनी टेबलावरचं पहिलं पान उचललं, वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "चूक कबूल करायची नाही? हे कुणी लिहिलं?"

कवळीवाल्यांनी मुकाट्याने हात वर केला.

सात वाजता तिकडे लोक बाईंची वाट बघत होते. इकडे दोन शूर व्हायकिंग मोहिमेच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर मान खाली घालून लिहीत होते. मेहुणा 'दुसऱ्याचे दात पाडणार नाही' आणि कवळीवाले 'चूक लगेच कबूल करीन', शंभर शंभर वेळा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाईंनी फासा टाकला. वीस पडले.

"सोडा जहाज," त्या बायकोला म्हणाल्या. "आणि हे दोघे लिहून झाल्याशिवाय उठता कामा नयेत."