तिसऱ्या अंकासाठी मुक्काम

आमच्या हिने लग्नानंतर पुष्कळ नाटकं पाहिली, पण एकाचाही तिसरा अंक पाहिला नव्हता. यात नाटकवाल्यांचा काही दोष नाही. नागपुराहून आमच्या कामठीची शेवटची बस दुसऱ्या अंकानंतर सुटायची आणि मी पडलो बस चुकायला भिणारा माणूस. दुसरा अंक निम्मा झाला की माझी चुळबुळ सुरू. घड्याळ बघ, पायानं चपला चाचप, पुन्हा घड्याळ बघ. पडदा पडला रे पडला की पुष्पलताचा हात धरून मी धूम ठोकायचो. कोणत्या नायिकेचं पुढं काय झालं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "एक तरी नाटक शेवटपर्यंत दाखवा मले. नाही तर यापुढं नाटकाचं नावच काढू नका."

मग मीही पेटलो. ठरवलं, शनिवारी नागपूरला जायचं, सावजीकडे झणझणीत जेवायचं, नाटक पाहायचं आणि सीताबर्डीवर लॉजमध्ये चक्क मुक्काम करायचा. (ज्या नागपुरात रोज ऑफिसला जातो, तिथंच हवापालटाला जाणारा मी पहिलाच कारकून असेन.) आमची वळकटी पाहून शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "काहून वं पुष्पे, घर कोसळून राहिलं काय तुमचं?"

सावजीकडे हिनं वाढप्याला सांगितलं, "यांच्या वाटीत तर्री जराशी कमी घाला, भाऊ."

"कमी काहून?" मी म्हणालो. "मी काय पुण्याचा पाहुणा आहो?"

पहिल्या घासाला कान तापले. दुसऱ्याला नाक वाहू लागलं. ही मात्र समोर कांदा-लिंबू घेऊन निवांत रस्सा ओरपत होती. आता माघार कशी घ्यायची? मी मटणाची दुसरी वाटी मागवली. (डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे, असं मी वाढप्याला न विचारताच सांगितलं.)

नाटक मोठं रडवणारं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिकेनं विषाचा पेला हातात घेतला. सगळं थिएटर चिडीचूप. हिनं तर श्वास रोखून माझी बाही घट्ट धरली. पेला ओठांशी गेला, आणि मला उचकी लागली.

"हिक्क!"

साधीसुधी उचकी नव्हती ती. नायिकेनं दचकून माझ्याकडे पाहिलं. लोक हसले. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली, आणि पडदा पडेपर्यंत बिचारीच्या विषाकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही.

मध्यंतरात दारावरच्या माणसानं मला बाजूला घेतलं. "उचकी थांबली तर आत या, साहेब. नाही तर बाहेर हवा छान आहे."

"तू जा," मी हिला म्हणालो. "मी थांब... हिक्क... थांबतो."

"अनोळखी माणसांत एकटी बसू मी?" हिचा आवाज रडवेला झाला. "बस नाही, घाई नाही, तरी तिसरा अंक नशिबात नाहीच का हो माझ्या?"

मला फार वाईट वाटलं. पाणी प्यालो, साखर खाल्ली, नाक दाबलं. मग आमच्या रांगेतल्या सिंधूताई नावाच्या बाई पुढं आल्या. "अवो, कोणी तरी आठवण काढून राहिलं यांची. नावं घ्या वं! बरोबर नाव आलं का उचकी थांबते."

झालं! भोवती ही गर्दी जमली.

"आई?" हिनं विचारलं.

"हिक्क!"

"उमरेडच्या वन्सं?"

"हिक्क!"

"हेडक्लार्क मनोहरराव?"

"हिक्क! हिक्क!"

"दूधवाला?" मागून कोणी तरी हौशी ओरडला.

तिसरी घंटा झाली. लोक आत जाऊ लागले. हिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी थंडपणे म्हणाली, "तुमच्या ऑफिसातली नवी टायपिस्ट. उत्तरा."

उचकी जागच्या जागी थांबली.

"अस्सं!" सिंधूताई म्हणाल्या. गर्दीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू विषाचा पेला मलाच पाजायला हवा. ही तरातरा आत गेली.

तिसरा अंक मी पाहिला म्हणजे नुसता त्याच्यासमोर बसलो. खुर्चीत सारखा चुळबुळत होतो. "अगं, तसं काही नाही," मी कुजबुजलो. "गप्प बसा," ती म्हणाली. परवा घरी जेवताना त्या पोरीच्या टायपिंगची तारीफ मी कशाला केली होती? पण खरं सांगू? त्या धास्तीच्या बाजूला एक बारीकशी गुदगुलीही होती. खरंच काढली असेल का हो तिनं आठवण?

रात्रभर ही एक अक्षर बोलली नाही. सकाळी पोह्यांच्या गाडीवर मी भीत भीत विचारलं, "ती बाई विष प्याली का शेवटी?"

"नाही. मस्त झाला शेवट," ही म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मी पाहातच राहिलो.

"मग तू रागावली नाहीस? उत्तरावरून?"

"अवो, माणूस घाबरलं का उचकी थांबते! आमची माय पाठीत बुक्की घाले. चारचौघांत नवऱ्याला बुक्की कशी घालू? म्हणून घेतलं तिचं नाव. रात्रीही मुद्दामच बोलली नाही. बोलली असती तर तुम्ही मले शेवट आठवू दिला असता का शांतपणे?"

"म्हणजे तुला संशय नव्हता?"

"तुमच्यावर?" ती इतकी हसली की पोह्यांचा ठसका लागला.

त्या हसण्यानं मला जरा लागलंच. सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग दोनदा पाडला आणि ऑफिसात गेल्या गेल्या उत्तराच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. माझं टेबल तिच्या बरोबर मागं, म्हणून असा समोरून कधी आलोच नव्हतो. हसून म्हटलं, "काय, शनिवारी संध्याकाळी कोणाची आठवण वगैरे?"

तिनं मशीनवरून मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "साहेब अजून आले नाहीत, काका. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

मी बसलो.