बारापर्यंत पाय खाली नाही!

शनिवारी जेवता जेवता लिफ्टवाल्याने जाहीर करून टाकलं, "उद्या दुपारी बारापर्यंत हिचा पाय जमिनीला लागणार नाही! चहा, नाश्ता, सगळं अंथरुणात! आणि मला कुणाच्या मदतीची गरज नाही!"

ही म्हणजे त्याची बायको. दवाखान्यात नर्स. आठवड्याचे सहा दिवस ती तिकडे उभी असते आणि रविवारी घरात उभी असते. त्यातून थंडी अशी पडली होती की मोरीतल्या बादलीवर बर्फाचं झाकण बसलं होतं, आणि फरशीवर पाय ठेवला की कळ थेट डोक्यात जात होती. बायको नुसती हसली. पण समोर सासूबाई बसल्या होत्या ना! चार दिवस राहायला आलेल्या. बारा वर्षांत जावयाबद्दल त्यांच्या तोंडून "बरे आहेत" यापुढे शब्द निघाला नव्हता, आणि तोही सुस्कारा टाकून.

"जमणार आहे का तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"आणि जमलं तर, आई?"

"जमलं तर मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहीन, जावई गुणी आहेत म्हणून. सगळ्यांच्या देखत!"

लिफ्टवाल्याने हातातला घास परत ताटात ठेवला. त्या ग्रुपवर त्रेपन्न माणसं होती, आणि त्यांत त्याचे दोन्ही साडू! त्या एका ओळीसाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता.

आता बघा, चौदा-चौदा मजल्यांच्या लिफ्ट ज्याच्या दुरुस्तीच्या जिवावर वर-खाली होतात, त्याला एक बायको अंथरुणात ठेवणं काय अवघड! रविवारी सकाळी उठून गड्याने भिंतींना कप्प्या ठोकल्या आणि घरभर दोऱ्या ओढल्या. लाल दोरी स्वयंपाकघरातल्या चहाच्या ट्रॉलीची, पांढरी दिव्याची, हिरवी बाहेरच्या दाराच्या लॅचची. तिन्हींची टोकं पलंगाच्या दांडीला बांधली.

"हिरवी कशाला हो?" बायकोने पांघरुणातूनच विचारलं.

"मी आंघोळीला गेलो आणि बेल वाजली तर? तू का म्हणून उठायचं?"

"पलंगावरून दार उघडणार! घर आहे की नाटक?" सासूबाई म्हणाल्या. त्या पंच. गळ्यापर्यंत रजई ओढून, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन, पलंगाशेजारी, बाहेरचं दार दिसेल अशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. दहा वर्षांची नात त्यांच्याच रजईत शिरली होती.

साडेअकरापर्यंत सगळं झकास झालं, कारण तोवर लिफ्टवाल्याने दोऱ्यांना हातच लावला नव्हता. चहा हाताने आणला, नाश्ता हाताने आणला. पण एवढ्या दोऱ्या लावायच्या आणि ओढायच्या नाहीत? त्याने ट्रॉलीवर दुसऱ्या चहाची किटली ठेवली, ऐटीत पलंगाशी आला आणि लाल दोरी ओढली. ट्रॉली उंबरठ्याला अडली.

"अहो, हळू!"

"जरासा जोर लागतो गं!"

लिफ्टवाल्याचा जरासा जोर तो! ट्रॉली उडाली, किटली तिच्याही पुढे उडाली आणि सगळा चहा त्याच्या अंगावर! नशीब, थंडीने तो कोमट झाला होता. स्वेटर गेला, पॅंट गेली, मोजेही गेले. दोऱ्यांची टोकं दांडीवरून सुटून पांघरुणात गुंतली ती वेगळीच. बाकीचे गरम कपडे बाहेर वाळत घातलेले, ते फळीसारखे ताठ झालेले.

"माझा गाऊन घाला तोवर," बायको म्हणाली.

फुलाफुलांचा गाऊन कसाबसा गुडघ्यापर्यंत आला. डोक्याला लेकीची टोपी, सशाच्या कानांची. "बाबा, कान उभे करा ना!" लेक हसून लोळत होती.

पण हार मानेल तो लिफ्टवाला कसला! तो ट्रॉली ढकलत पुन्हा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला, तर दूध संपलेलं. पिशवी बाहेर दाराच्या खिळ्याला. तो बाहेर पडला, पिशवीला हात घातला, तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन बंद! किल्ली भिजलेल्या पॅंटच्या खिशात. गार जिन्यात लिफ्टवाला अनवाणी.

समोरचं दार उघडलं. वकीलसाहेब पाठीमागून म्हणाले, "कोण हवंय बाई आपल्याला?"

"साहेब, मी आहे, मी!"

वकीलसाहेबांचा आ वासला तो मिटेचना.

आतून बायको ओरडली, "थांबा, मी येते!"

"खबरदार! पाय खाली ठेवू नकोस!"

"अहो, गोठाल तिथे!"

"गोठेन! किती वाजले?"

"बाराला नऊ कमी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"आजी, मी उघडू?"

"बस गप! मदत नको असं तुझे बाबाच म्हणालेत."

लिफ्टवाल्याचे दात कडकड वाजत होते. "हि-हि-हिरवी दोरी ओढ!"

बायकोने गुंत्यातून एक दोरी ओढली. दिवा गेला. पडदे थंडीसाठी गच्च लावलेले, खोलीत अंधार गुडुप. आता लाल कुठली नि हिरवी कुठली! तिने दुसरी ओढली, तर ट्रॉली धाडधाड येऊन पलंगावर आदळली.

"बाबा, पलंग करकरला, आई पाय बाहेर काढतेय!" लेक किंचाळली.

"नकोऽऽ!" बाहेरून असा आवाज आला की वरच्या मजल्याची दारं उघडली.

बायकोचा पाय फरशीपासून वीतभर वर थांबला. तिला रडू येत होतं आणि हसूही. "वेडा माणूस!" असं म्हणत तिने पाय वर घेतला, उरलेली दोरी मनगटाला गुंडाळली आणि मागे रेलून सगळा जीव लावला. खट्‌! लॅच निघाला, दार उघडलं!

लिफ्टवाला आत आला तो लढाई जिंकूनच. "वाजले किती?"

"बाराला तीन कमी."

त्याने दिवा लावला आणि तीन मिनिटं घड्याळाचा काटा डोळ्यांनीच ढकलला. मग गजर वाजला. बायकोने पाय खाली ठेवला आणि किंचाळली, "आई गं, काय गार आहे!"

"बघितलंत? म्हणूनच!" लिफ्टवाला म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं, आणि अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हटलं, "जावई गुणी आहेत."

लिफ्टवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. टण्‌, टण्‌, टण्‌! फोन वाजतच सुटला. दोन्ही साडूंनी तर चाळीस-चाळीस हसरे चेहरे पाठवले.

"बघ, किती आनंद झालाय सगळ्यांना!" तो बायकोला म्हणाला.

"ओळीच्या वर बघा," बायको म्हणाली.

वर फोटो होता. उघड्या दारात फुलाफुलांचा गाऊन, सशाचे उभे कान, छातीशी दुधाची पिशवी आणि लालभडक नाक.

"पुरावा नको का?" सासूबाई म्हणाल्या.

ती ओळ लिफ्टवाला आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. फक्त वरच्या फोटोवर अंगठा घट्ट दाबून!