शेवटचा फर्मा

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सुमती आज सकाळी राऊत मास्तरांच्या घरी वारली. शांतायाडीकडे तिला हळद लागते आहे. माझ्या घरी ती उद्या जन्माला येईल.

ही सूचना मी गल्लीच्या ग्रुपवर टाकली, ती कुणीतरी पुढे पाठवली, आणि पुसदहून माझी मेहुणी फोनवर रडायलाच लागली. तेव्हा आधीच सांगतो : सुमती कादंबरीतली. तिचे हे हाल करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या बाभुळगावातल्या गल्लीतले नानाजी गावंडे.

नानाजी यवतमाळच्या एका छापखान्यात बाइंडर होते. रोज एसटीने जाऊन-येऊन. पुस्तक हातात आलं की लोक नाव बघतात, नानाजी शिवण बघतात. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात. हे दाभण घेऊन जुन्या कादंबऱ्या उसवायला बसले. उसवली की सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे होतात. छापखान्यात त्यांना फर्मे म्हणतात. गल्लीत घरं बारा. म्हणून नानाजी कादंबरी तेरा फर्म्यांचीच शोधून आणतात, बारा घरांत एकेक फर्मा वाटतात, आणि दर दोन दिवसांनी प्रत्येकाने आपला फर्मा शेजारच्या घरात सरकवायचा.

"पण नानाजी, मला एकदम बारावा?" मी विचारलं होतं.

"मंग? एकानं वाचाचं अन् अकरा जनाइनं त्याचं तोंड पाहाचं काय? सारे संगंच वाचतीन. मांगं-पुढं होते थोडंसं, तं होऊ दे!"

या 'थोडंसं'ने गल्लीची झोप उडाली. चक्कीवर राऊत मास्तर डोळे पुसत उभे राहिले की समोरून शांतायाडी ओरडायच्या, "मास्तर, बोलू नका! माह्याकडं तिची वरात निघाची हाय!" याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई, राठोडांच्या या म्हातारीला सगळी गल्लीच याडी म्हणते. त्यांना वाचता येत नाही. सून सविता भाकरी थापता थापता वाचून दाखवते, आणि उत्कंठा वाढली की भाकरी करपते.

नानाजी रामराम करत नाहीत. मला म्हणतात, "काय वाचून राह्यला गजू?" हाच रामराम. याडीला, "काय आयकून राह्यली?" 'काहीच नाही' म्हणालात, तर कपाळाला हात लावून ताप बघतात.

तेरावा फर्मा मात्र फिरत नाही. "शेवट माह्या ओट्यावर. साऱ्याइनं मिळून." त्या दिवशी नानाजी सकाळपासून सतरंजी झटकतात, बारा कप पुसतात, चहा स्वतः करतात. मुलगा हैदराबादला, काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. आपल्या कारागिरीचा थाट मिरवतात, एवढंच मी समजत होतो.

सुमतीच्या शेवटाची संध्याकाळ ठरली पाचची. तिचा परागंदा भाऊ परत येतो की नाही, एवढंच उरलं होतं, आणि दुपार काही सरेना. तीन वाजता आम्ही सगळे राठोडांच्या अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला जमलो. इतक्यात सविता म्हणाली, "भाऊजी, हेच पुस्तक मोबाइलात आयकाले भेटते. लावू?"

मी स्पष्ट नकार दिला. तो अर्धा मिनिट टिकला.

भिंतीपलीकडे नानाजींचं घर, म्हणून आवाज आम्ही बारीक ठेवला होता, असं आमचं मत. भाऊ आला. राऊत मास्तर शेंगांत तोंड खुपसून रडले. मग सगळे एकमेकांची नजर चुकवत घरी गेले.

पाच वाजले. ओट्यावर जाऊन चेहरा कोणता करायचा, या विचाराने कुणी बाहेर पडेना. मी खिडकीतून बघत होतो. नानाजी आत गेले, बाहेर आले. सतरंजीचं टोक सरळ केलं. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, परत आले. कप मोजल्यासारखे हलवले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सव्वापाच झाले. साडेपाचला त्यांनी एक कप उचलून आत नेला. मग दुसरा.

मी चपला न घालताच धावलो.

"काय वाचून राह्यला गजू?" आवाज अगदी लहान होता.

"काय वाचणार नानाजी? शेवटासाठी जीव अडकलाय!"

मला पाहून सविता आली, याडी आल्या, मास्तर आले. दहा मिनिटांत ओटा भरला. सगळ्यांचे चेहरे इतके निरागस की कोणत्याही पोलिसाने आधी आम्हालाच धरलं असतं. नानाजींनी फर्मा माझ्या हातात दिला. मी वाचू लागलो. आवाजात कंप आणला. चुकीच्या जागी दचकलो. मास्तर तीन वाजता रडले होते, तितक्याच इमानदारीने पुन्हा रडले. रस्त्यावर धूळ उडाली, गाडी थांबली, आणि पान उलटायला मी बोट ओलं केलं...

"आता उतरते पाहा तो," याडी ओरडल्या, "लंगडते बिचारा!"

सविताने सासूला चिमटा काढला. नानाजींनी चहाची किटली खाली ठेवली, आमच्या प्रत्येकाकडे एकदा पाहिलं, आणि बोलून गेले, "शेवट मीबी आयकला ना दुपारी, भितीपल्याडून! मले वाटलं, आता कायले येतीन हे लोकं."